तेहतीस अनारसे आणि झाळलेला डबा

बेला, जि. आदिलाबाद
सोमवार, २४ जून १९९६, संध्याकाळ

फुला,

आज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मी तुझं मार्चमधलं पत्र फोडलं, आणि त्या मिनिटापासून माझं सगळं बदललं. घड्याळ समोर होतं म्हणून वेळ पक्की सांगून राह्यलो. तीन वाजून नऊ मिनिटांपर्यंत मी गावातला सगळ्यात शहाणा माणूस होतो.

तुझी तीन पत्रं माझ्या पेटीत पडून होती. फोडली नव्हती. काऊन, ते तुला माहीत आहे. फेब्रुवारीत तू लिहिलंस, आधी त्या सरांची माफी माग, परीक्षेला बस, मग लग्नाच्या गोष्टी कर. मी दोन ओळींचं उत्तर टाकलं: मला पत्र लिहू नको. तू तरी लिहीत राह्यलीस, मी तरी फोडत नव्हतो. तू इथं नर्सिंग शिकत होतीस तेव्हा सरांनी भर वर्गात म्हटलं होतं, 'तू कॉलेजात येतो की नर्सिंगच्या हॉस्टेलपुढे हजेरी लावतो?' वर्ग हसला, मी हॉलतिकीट त्यांच्या टेबलावर फेकलं आणि निघालो. त्यांनी खोटं काय म्हटलं होतं, असं तू विचारलं होतंस. मला त्याचाच जास्त राग आला.

आज फोडलं, कारण काल मोतीरामभाऊ निघाले. तुझ्या ताईचा नवरा, तू नर्स आहेस त्याच शारजाला बांधकामावर चालला, येत्या शुक्रवारी तो तुला भेटेल, तुझ्या हातचा चहा पिईल, आणि मी इथं बसून कपाशीच्या पऱ्हाटीला किती पाणी पडलं ते मोजणार. जीव असा जळला की पेटी उघडली.

तू लिहिलंस ते इथं उतरवतो, म्हणजे मी नीट वाचलं हे तुला कळेल. 'आपल्याकडचं कोणी इकडं निघालं तर सांग. दुसऱ्याचं गाठोडं घेऊ नका, घरचं असलं तरी उघडून पाहा. पासपोर्टची एक नक्कल घरी ठेवा. वाचता येत नाही त्या कागदावर सही करू नका. वकिलातीचा नंबर बॅगेत नको, आतल्या खिशात असू द्या, बॅग आधी जाते. दुपारी उन्हात तहान लागायची वाट न पाहता पाणी प्या, आमच्या वॉर्डात रोज दोन-तीन पडलेले येतात. आणि खसखस आणू नका. इथं ती अफूच्या कायद्यात धरतात. माझ्यासोबतच्या केरळच्या सिस्टरचा भाऊ आईनं दिलेल्या मसाल्याच्या पुडीपायी चार महिन्यांपासून आत आहे. सीलबंद डबा असला की तो आधी कापतात.'

फुला, यंदा धोंड्याचा महिना आहे. मोतीरामभाऊंच्या लग्नानंतरचा पहिलाच. तुझ्या आईनं जावयाला तेहतीस अनारशांचं वाण दिलं. खसखशीवर थापलेले. आणि मऊ पडू नयेत म्हणून मी तो डबा आदिलाबादला नेऊन झाळून आणला. चारी बाजूंनी. हवा शिरणार नाही असा.

ते काल सकाळच्या बसनं गेले. नांदेडहून मुंबईची गाडी. तिथं डोंगरीत एजंटच्या खोलीवर मुक्काम, गुरुवारी विमान. तुमच्या हॉस्टेलला फोन नाही, वॉर्डातला नंबर तू कोणाला देत नाहीस. म्हणजे तुला कळवायची सोय नाही. वामनरावच्या एस.टी.डी. बूथवर गेलो तर दुपारच्या वाऱ्यानं लाइन पडलेली. उद्या चालू होईल म्हणतात.

हे पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. तरी लिहितो. दुसऱ्या कोणाला सांगू?

खुशाल


मंगळवार, २५ जून, दुपारी

फुला,

लाइन आली. एजंटचा नंबर मोतीरामभाऊंनी वामनरावकडून बूथच्या भिंतीवर पेन्सिलनं लिहवून ठेवलेला होता, तो लावला.

'मोतीराम से बात करनी है.'

'कौन मोतीराम? इधर तीस आदमी है. सब आंध्रा के, सब मोतीराम.'

'बेला का. अर्जंट है. उसके डब्बे में...' एवढं म्हटलं आणि थांबलो. फोनवर एजंटला कसं सांगू की डब्यात असं काही आहे? त्यानं उद्या पोलिसाला सांगितलं तर? मी म्हटलं, घर का मामला है. तो म्हणाला, 'घर का मामला है तो घर में बोल. बीबी रोती है, अम्मा रोती है, सबका घर का मामला है. टैम खराब मत कर.'

मग माझं डोकं गेलं. काय बोललो ते लिहीत नाही. वामनरावनं बूथचं दार आतून लावून घेतलं एवढं सांगतो, कारण बाहेर बाया उभ्या होत्या. एजंट शांतपणे म्हणाला, 'तू उसका कौन? एक गाली और दे, उसका टिकट कैंसल.' आणि ठेवला.

आता बघ. आधी माणूस विमानतळावर धरल्या जाणार होता. आता कदाचित विमानातच चढणार नाही, आणि तेही माझ्यापायी. विहिरीच्या मोटरीवर कर्ज काढून त्यानं एजंटला दिलं आहे. तुझी ताई पाचव्या महिन्यात आहे, ते तुला कळलं असेल.

वामनराव म्हणाला, 'खुशाल्या, तुले वाटते का तू रागावला म्हणजे काम होते? आजपावतो एक तरी झालं का?' मी खूप विचार केला. एकही आठवलं नाही.

काल मी एक गोष्ट गाळली. खसखस तुझ्या आईच्या घरची नव्हती. तिच्याकडं मूठभर होती, ती म्हणे एवढीच पुरते. तुला अनारशाला खसखस दाट लागते, वरून पांढरा दिसला पाहिजे, हे मला माहीत आहे. म्हणून डबा झाळायला गेलो त्याच्या आदल्या दिवशी मीच आदिलाबादच्या मोंढ्यातून पाव किलो आणून दिली. मोतीरामभाऊंना सांगितलं, सोळा तुमचे, सतरा फुलाचे. ते हसले. 'सतरा काऊन रे? अर्धे अर्धे कर ना.' तेहतीसाचे अर्धे कसे होतील, म्हटलं.

आता झालं ते खरं.

खुशाल


बुधवार, २६ जून

फुला,

आज सकाळी तुझ्या आईकडं गेलो. घरी नव्हती, शेतात होती. सरकी लावणं चालू होतं. ओळीनं बाया हातातल्या डोब्यानं मातीत भोकं पाडत, तुझी आई सगळ्यांच्या पुढं. मला पाहून म्हणाली, 'आला का? कामाले आला असशील तं डोबं घे, नाही तं बांधावर उभा राहून सावली नको करू.'

मी सांगितलं. ती कंबरेवर हात ठेवून ऐकत राह्यली आणि मग अशी हसली की बाकीच्या बाया थांबल्या.

'खसखशीले कोण धरते रे? आमी रडक्या लेकराले घासून चाटवतो. तूबी चाटली असशील, म्हून असा हाय.'

'मावशी, फुलानं लिहिलं आहे.'

'वाच मंग.'

मी वाचलं. पासपोर्ट वाचलं, सही वाचलं, पाणी वाचलं. खसखशीचं वाचलं, केरळच्या भावाचं वाचलं. ती हसायची थांबली. मी कागदाची घडी घालू लागलो.

'मधात काऊन सोडलं?'

'काही नाही मावशी, तब्येतीचं आहे.'

'वाचता नाही येत मले. पण मानूस कुठं गिळते ते दिसते. वाच.'

फुला, मग मला ती ओळ वाचावी लागली. बांधावर. नऊ बायांसमोर. 'तुझा राग उतरेपर्यंत मी पत्र लिहीत राहणार, कारण इथं दिवसभर सगळे मला सिस्टर म्हणतात आणि मला कोणीतरी फुला म्हणावं वाटतं.'

पंचफुला हे नाव तुझ्या आईनंच ठेवलं आहे. तिनं डोबं खाली ठेवलं. 'थांब, पाय धुतो,' म्हणाली. नाल्यावर पाय धुतले, पदर नीट केला आणि माझ्यापुढं चालायला लागली. बूथपाशी येऊनच थांबली.

आधी मला एजंटशी बोलायचं होतं. हे मी कधी केलेलं नाही, तुला माहीत आहे. वामनरावनं नंबर लावून रिसीव्हर माझ्या हातात दिला.

'भाईसाब, कल मैं गलत बोला. माफ करना.'

मला वाटलं, तो ठेवून देईल. मग तो म्हणाला, 'रोज दस लोग मेरे को गाली देते. माफी माँगने वाला तू पहला आया. बोल, क्या काम है?'

आणि मी त्याला सरळ सांगितलं. डब्यात अनारसे, त्यावर खसखस, सासूनं दिलेलं वाण. तो एकदम ओरडला, 'अरे पागल! पिछले साल मेरा एक आदमी इसी में गया. कल ही बोलना था ना!' काल मी काय बोलत होतो ते दोघांनाही आठवत होतं. दहा मिनिटांनी लाव म्हणाला, मोतीराम को नीचे बुलाता हूँ.

मोतीरामभाऊ आले. मी सगळं समजावलं. ते म्हणतात, 'नाही खुशालभाऊ. सासूचं वाण हाय. पहिला धोंडा. ते टाकून देऊ? घरी बाई पोटुशी हाय माझी. काही वाकडं झालं तं जनमभर म्हणन का वाण टाकलं म्हून झालं.'

'भाऊ, जेलात जासान.'

'जाईन. पण टाकणार नाही.'

हा माणूस कधी मोठ्यानं बोलत नाही, तू पाहिलं आहे. त्याच्यापुढं माझा राग चालत नाही, आणि युक्तीही चालली नाही. मी फोन तुझ्या आईकडं दिला.

ती जावयाशी कधी बोललेली नाही. दाराआडून ताईला सांगते, ताई त्यांना सांगते. आज बूथमध्ये तिनं रिसीव्हर हातात घेतला, पदर डोक्यावरून कपाळापावेतो ओढला, भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाली, 'जावईबापू.'

तिकडून मोतीरामभाऊंचा आवाज मलाही ऐकू आला. 'मामी?' असा घाबरलेला, जसं कोणी वारल्याची खबर आहे.

'वाण माझं होतं ना? मंग मी सांगतो तसं करा. डबा आत्ता फोडा. तिथं जेवढे आपल्यासारखे घर सोडून बसले हायेत, त्यायले एकेक द्या. तुमी एक खा. माझं वाण तुमाले पोचलं, त्यायच्या मायचंबी पोचलं. मंग हात धुवा, कपडे झटका, पिशवी उलटी करा. एक दाणा नेऊ नका.' मग जरा थांबून, 'आणि ऊन झालं का पाणी पेत जा. फुलानं लिवलं हाय.'

फोन ठेवला तेव्हा पदर घामानं भिजला होता. मी बाकीच्या गोष्टी सांगायच्या म्हणून पुन्हा लावला आणि एजंटला म्हटलं, पासपोर्टची एक नक्कल बेल्याला टाका. तो म्हणाला, 'और कुछ, साहब?' पण पत्ता लिहून घेतला.

पाच वाजता मोतीरामभाऊंचाच फोन वामनरावकडं आला. मी तिथंच बसून होतो.

'फोडला भाऊ. छिन्नी नाही भेटली, पान्ह्यानं फोडला. असा झाळला तुमी! तेहतीसच्या तेहतीस संपले. बिहारचा एक पोरगा रडला. करीमनगरवाले म्हणतात आमच्याकडं असं नसते, अजून हाय का? पिशवी गच्चीवर नेऊन झटकली. पाण्यानं धुतली. झालं.'

मी म्हटलं, बरं झालं भाऊ.

'आणि खुशालभाऊ... खाली एक चिठ्ठी होती.'

फुला, ही दुसरी गोष्ट मी गाळली होती. डबा झाळायच्या आधी, केळीच्या पानाखाली, मी तुला एक चिठ्ठी ठेवली होती. तुझी पत्रं फोडत नव्हतो, पण माझं तुला पोचावं असं वाटत होतं. याला काय म्हणतात ते तूच सांग.

'मले वाचता येत नाही,' मोतीरामभाऊ म्हणाले. 'मले वाटलं मामीनं काही सांगितलं असन, औषधाचं गिषधाचं. खोलीत लातूरचा एक गवंडी हाय, चौथी शिकलेला. त्याले दिली. त्यानं वाचली.'

'एकट्याले ना?'

'नाही, मोठ्यानं वाचली. सगळे अनारसे खाऊन राह्यले होते. मंग बाकीच्यायले समजाव म्हून एकानं हिंदीत सांगितलं, एकानं तेलुगूत.'

वामनराव माझ्या तोंडाकडं पाहून रजिस्टरात डोकं घालून बसला.

'मंग?'

'मंग काही नाही. एक म्हातारा होता, निर्मलकडचा, चौथ्यांदा जाऊन राह्यला. तो म्हणे, आमी इतके वरीस गेलो, आमाले असं कोनं लिवलं नाही. तुपानं कागदाले खसखस चिकटली होती, म्हून ती जाळली. पण तुमी काळजी नका करू. तीनदा वाचून घेतली. पाठ झाली मले. शुक्रवारी फुलाले तोंडानं सांगतो.'

मी म्हटलं, नका सांगू भाऊ.

'का बरं? चांगली हाय.'

तर तुला कळलेलंच असेल. मोतीरामभाऊंच्या आवाजात कसं वाटलं?

खुशाल


शनिवार, २९ जून

काहीच खबर नाही. विमान गुरुवारीच गेलं, एजंटनं सांगितलं. त्यापुढचं त्याला माहीत नाही. तुझी आई आज दोनदा बूथवर येऊन गेली. मला काही विचारलं नाही, वामनरावला विचारलं. जाताना माझ्या हातावर भाजलेल्या शेंगा ठेवल्या.

एक दाणा तरी राह्यला असेल का कुठं, शर्टाच्या शिवणीत? सकाळपासून हेच डोक्यात आहे.


रविवार, ७ जुलै

फुला,

मंगळवारी तुझा फोन वामनरावकडं आला तेव्हा मी आदिलाबादला होतो, मोंढ्यात. परत आलो तर वामनराव रस्त्यातच उभा. 'पोचला,' एवढंच म्हणाला. मग सगळं सांगितलं. तिकडच्या विमानतळावर शिपायांनी पिशवी उघडायला लावली, पुन्हा पुन्हा हुंगली, त्याच रांगेतल्या एकाचा लोणच्याचा डबा कापला, आणि मोतीरामभाऊ बाहेर आले. तू शुक्रवारी त्यांना भेटायला गेलीस. कंपनीचं राहणं बरं आहे, पंखे आहेत. करार तू वाचलास, त्यात आठ तासच लिहिले आहेत, आणि पासपोर्टची एक नक्कल तुझ्याकडंही ठेवून घेतलीस. एवढं सगळं वामनरावनं तीन मिनिटांच्या पैशांत ऐकलं, तो त्याचं श्रेय मागतो.

मी तुझ्या आईला सांगायला धावत गेलो. ती म्हणाली, 'मले मालूम होतं,' आणि चुलीपुढं जाऊन बसली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. धुरानं, लाकूड ओलं आहे म्हणे.

बाकीची दोन पत्रंही फोडली आहेत. शेवटच्यात तू लिहिलंस की करार एक वर्ष वाढवला, आणि थांबशील का असं विचारलं. खरं सांगतो, आधी बादलीला लाथ मारली. अंगठा अजून दुखून राह्यला. मग बादली सरळ केली, विहिरीवरून भरून आणली, आणि आंघोळ करता करता उत्तर सापडलं. थांबतो. तू चार महिने न फोडलेल्या पाकिटाला पत्रं लिहीत थांबलीस, मला फोडलेल्या पाकिटाला थांबायचं आहे. हे काही फार नाही. कॉलेजचं आत्ता विचारू नको. नाही म्हणत नाही, विचारू नको एवढंच.

मला इथं बरं चाललं आहे. पऱ्हाटी वर आली. गावातले दोघं श्रावणात मस्कतला जाणार आहेत, ते आपापल्या पिशव्या घेऊन माझ्याकडं आले होते. एकाच्या पिशवीत आईनं घासायची जायफळं टाकली होती, खोकल्याला. मला माहीत नाही ती चालतात का नाही. मी काढून ठेवली आणि म्हटलं, विचारून सांगतो. त्याची आई घरी येऊन भांडली. मी भांडलो नाही. तुला खोटं वाटेल म्हणून वामनरावची साक्ष आहे. तर जायफळाचं तेवढं कळव.

तू निरोप ठेवला होतास की रविवारी चार वाजता फोन करते, आईला बूथवर बोलवा. तो निरोप मी तुझ्या आईला दिला. तिनं मला वरपासून खालपावेतो पाहिलं आणि म्हणाली, 'मी एकटी काय बोलू त्या यंत्रात? तूबी ये. आणि शर्ट धुवून ये.'

धुतला आहे. इस्त्रीही केली, तांब्यात निखारे घालून. पावणेचार झाले. दोन मिनिटं तुझ्या आईची, एक माझी, असं ठरलं आहे. एका मिनिटात काय बोलतात मला माहीत नाही. पाच वाक्यं लिहून काढली होती, सगळी खोडली. फुला म्हणेन. तेवढं नक्की म्हणेन, मग जे होईल ते.

ही सगळी पानं एकाच पाकिटात टाकून ठेवतो. उद्या पोस्टात जाईल, तुला पंधरा दिवसांनी मिळेल. तोवर तू माझा आवाज ऐकून पुन्हा नेहमीसारखी हसलेली असशील.

तुझी आई गल्लीतून हाका मारून राह्यली. 'खुशाल्या, चारचा फोन पाचले घेतो का?' आलो मावशी, म्हटलं. पेन ठेवतो आता. निघालो, दार लावून घेतो.

खुशाल